बैलजोडीच्या मापाचा ट्रॅक्टर : खानदेशातील एका निवडीचा इतिहास

१/ जळगाव-धुळे भागातील कापूस किंवा केळी उत्पादक शेतकरी छोटा ट्रॅक्टर घ्यायला निघाला, की अश्वशक्तीच्या आधी एक वेगळाच प्रश्न पुढे येतो : दोन ओळींमधून तो जाईल का? यंत्राची निवड त्याच्या ताकदीवरून न होता रुंदीवरून का व्हावी? या प्रश्नाचे उत्तर शोधताना थेट एकोणिसाव्या शतकात, ब्रिटिशांच्या जमीन मोजणीपर्यंत जावे लागते. हा धागा त्याच प्रवासाचा.

२/ १८१८ मध्ये खानदेश ब्रिटिशांच्या ताब्यात आला तेव्हा हा प्रदेश उद्ध्वस्त होता. होळकर-शिंद्यांच्या काळातील लुटालूट आणि १८०३-०४ चा दुष्काळ यांनी गावेच्या गावे ओस पडली होती. कॅप्टन जॉन ब्रिग्ज यांच्या हाती आलेल्या या मुलखात जमीन मुबलक होती. टंचाई होती ती माणसांची आणि बैलांची. कोण किती शेती करू शकेल हे त्याच्या दावणीला किती बैल आहेत यावर ठरे. म्हणून तगाईचे कर्ज बहुतांशी बैल, बियाणे आणि विहिरी यांसाठी दिले जाई.

३/ तापी, गिरणा, पांझरा, बोरी यांच्या खोऱ्यांतील काळी माती हा या कथेचा दुसरा नायक. उन्हाळ्यात तिला हात घालता येईल एवढ्या भेगा पडतात, पावसात ती पायाला गोळा होऊन चिकटते. या दोहोंच्या मध्ये येतो तो वापसा. तो काही दिवसच टिकतो आणि पेरणी-कोळपणीची सारी कामे त्या दिवसांत उरकावी लागतात. वेळ साधण्याचे हे दडपण शेती अवजारांच्या इतिहासात सर्वत्र जाणवते.

४/ अशी जमीन लाकडी नांगराने खोल उलटायची तर एका औताला बैलांच्या अनेक जोड्या जुंपाव्या लागत. एवढे बैल एका घरी क्वचितच असत. त्यामुळे खोल नांगरट दरवर्षी होत नसे. वर्षानुवर्षे वखराच्या पाळ्यांवर काम भागवले जाई. नांगर, वखर, तिफण आणि कोळपे ही चार अवजारे म्हणजे खानदेशी शेतीचे वार्षिक चक्र. त्यातली पहिली पायरी जड, उरलेल्या तीन हलक्या. हा फरक लक्षात ठेवा, पुढे त्यावरच सारे अवलंबून आहे.

५/ आता मोजणीकडे. मुंबई इलाख्यातील महसुली मोजणीचे नियम गोल्डस्मिड, विंगेट आणि डेव्हिडसन या अधिकाऱ्यांच्या १८४७ च्या संयुक्त अहवालात पक्के झाले. शेताचा एक ‘नंबर’ किती मोठा असावा? त्यांनी निकष घेतला तो बैलजोडीचा. एक जोडी जेवढी जमीन कसू शकते, तेवढे क्षेत्र हे मूळ माप. हलक्या जमिनीत ते जास्त, भारी जमिनीत कमी. म्हणजे सर्व्हे नंबरच्या नकाशाखाली बैलाची ताकद हेच गणित होते.

६/ खानदेशाने ही मोजणी मुकाट्याने स्वीकारली नाही. १८५२ मध्ये सावदा, रावेर, यावल, एरंडोल या भागांत शेतकऱ्यांनी मोठ्या संख्येने एकत्र येऊन तिला विरोध केला. मोजणी ही करवाढीची नांदी आहे, अशी त्यांची धारणा होती. सरकारने लष्कर आणून प्रमुखांना पकडले आणि काम पुढे रेटले. बांध आखले गेले, दगड रोवले गेले, आणि बैलजोडीचे माप कागदावर कायम झाले.

७/ १८६० च्या दशकात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाचे भाव भडकले आणि त्याच दशकात जीआयपी रेल्वेचा लोहमार्ग खानदेशात पोहोचला. कापूस हे ओळीत पेरायचे पीक. दोन ओळींमधले अंतर तिफणीच्या फणांवरून ठरे आणि नंतर त्याच अंतरातून कोळपे चाले. बैल ओळींमधून जाताना पिकाला तोंड लावू नयेत म्हणून त्यांना मुसके बांधत. अशा रीतीने शेताच्या आकाराप्रमाणेच ओळीची रुंदीही बैलाने ठरवली.

८/ हे बैल कुठून येत? तापी खोऱ्यातील पांढरी खिलारी, जिला जुन्या नोंदींत थिल्लारी म्हटले आहे, आणि सातपुड्यापलीकडची तांबडी-पांढरी निमाडी या इकडच्या नामांकित जाती. चाल वेगवान, खूर टणक. चांगली जोडी ही कुटुंबाची सर्वांत मोठी जंगम मालमत्ता असे. जोडी मेली किंवा सावकाराकडे गेली, की जमीन असूनही कुणबी दुसऱ्याच्या बांधावर मजुरीला जाई.

९/ विसाव्या शतकाच्या आरंभी लक्ष्मणराव किर्लोस्करांचा लोखंडी नांगर आला. १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. लोखंडी फाळ माती उलटवत असे आणि हरळी-कुंद्याच्या मुळांपर्यंत पोहोचत असे. लाकडी नांगराला ते जमत नव्हते. तरीही ओढायला बैलच लागत, आणि खोलवर जायचे तर अधिक जोड्या लागत. अवजार सुधारले, पण ते ओढणारी शक्ती तीच राहिली.

१०/ ट्रॅक्टर मोठ्या प्रमाणावर दिसला तो दुसऱ्या महायुद्धानंतर. अमेरिकी सैन्याने मागे ठेवलेली यंत्रे घेऊन केंद्र सरकारने सेंट्रल ट्रॅक्टर ऑर्गनायझेशन उभी केली. मध्य भारतात हजारो एकर जमीन काँस गवताने गिळली होती; ती मोडण्यासाठी साखळीपट्ट्यांचे अजस्र ट्रॅक्टर फिरू लागले. १९४९ मध्ये जागतिक बँकेने भारताला शेतीयंत्रांसाठी १ कोटी डॉलरचे कर्ज दिले ते मुख्यतः याच कामासाठी. हा ट्रॅक्टर सरकारचा होता, शेतकऱ्याचा नव्हता.

११/ नेमक्या याच सुमारास मुंबई सरकारला उलट्या दिशेची चिंता लागली होती. वारसाहक्काने जमिनीचे तुकडे होत होते. १९४७ मध्ये तुकडेबंदी व तुकडेजोडचा कायदा आला. एकत्रीकरण योजनेतून अनेक गावांत सर्व्हे नंबरांच्या जागी गट नंबर आले. कायद्याने वेग मंदावला असेल, वाटण्या थांबल्या नाहीत. कृषी गणनेनुसार महाराष्ट्रातील सरासरी धारणक्षेत्र १९७०-७१ मध्ये ४.२८ हेक्टर होते. २०१५-१६ मध्ये ते १.३४ हेक्टर झाले.

१२/ म्हणजे कोडे असे : शेत लहान होत आहे आणि बाजारात येणारे यंत्र मोठे आहे. या कोड्याची तांत्रिक बाजू एका आयरिश माणसाने आधीच सोडवली होती. हॅरी फर्ग्युसन यांनी अवजार ट्रॅक्टरमागे साखळीने न ओढता तीन सांध्यांनी त्याच्याशी जोडले आणि हायड्रॉलिक पंपाने उचलता येईल असे केले. जमिनीचा विरोध मग ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांवर भार वाढवतो. हलका ट्रॅक्टरही त्यामुळे घसरत नाही.

१३/ १९३९ मध्ये फोर्डसोबत आणि १९४६ पासून इंग्लंडमधील कोव्हेंट्री येथे हे तंत्र मोठ्या संख्येने उत्पादनात आले. आज खानदेशात १५ अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरमागेही हीच तीन सांध्यांची जोडणी दिसते. छोटा ट्रॅक्टर शक्य झाला तो या शोधामुळे. त्याआधी ओढ हवी तर वजन हवे, हा नियम होता.

१४/ भारतात ट्रॅक्टर बनू लागला १९५९ मध्ये, फरीदाबादला, आयशर कंपनीत. १९६३ मध्ये महिंद्रा, इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास यांनी मिळून मुंबईत कंपनी काढली आणि तिचा ३५ अश्वशक्तीचा बी-२७५ पुढे गावोगाव परिचित झाला. १९६५ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र कृषी उद्योग विकास महामंडळासारख्या सरकारी संस्थाही यंत्रपुरवठ्यात उतरल्या. मागणी पुरवठ्याहून कितीतरी जास्त होती. १९६७ मध्ये सरकारने ट्रॅक्टरच्या किमतींवर नियंत्रण आणले.

१५/ छोट्या शेतकऱ्यासाठी छोटा ट्रॅक्टर हवा, हे नियोजनकारांना कळत नव्हते असे नाही. दुर्गापूरच्या केंद्रीय यांत्रिकी अभियांत्रिकी संशोधन संस्थेत १९६० च्या दशकाच्या मध्यास २० अश्वशक्तीच्या संपूर्ण देशी ट्रॅक्टरचा आराखडा तयार झाला. त्याचे नाव ‘स्वराज’. केंद्राच्या एचएमटीने मात्र चेकोस्लोव्हाकियाच्या झेटॉरचे तंत्र घेतले. शेवटी पंजाब सरकारने पुढाकार घेतला आणि १९७४ मध्ये स्वराज बाजारात आला.

१६/ आणि इथे एक अर्थपूर्ण बदल झाला. कागदावर २० अश्वशक्तीचा असलेला स्वराज बाहेर पडला तो २६.५ अश्वशक्तीचा होऊन. कमी ताकदीचे मॉडेल नंतर निघाले, पण पुढच्या दशकांत भारतीय बाजार ३५ आणि मग ४५ अश्वशक्तीकडे सरकत गेला. छोट्या शेतांच्या देशात ट्रॅक्टर मोठा का होत गेला?

१७/ कारण हप्ता. दोन-तीन एकरांच्या कामावर ट्रॅक्टरचे कर्ज फिटत नाही. घेणाऱ्याला तो भाड्याने चालवावा लागतो आणि भाड्याची कामे म्हणजे नांगरट, ट्रॉलीने वाहतूक, मळणी. या सर्वांना ताकद हवी. कापसाच्या गाठोड्यांनी भरलेली ट्रॉली जिनिंगपर्यंत किंवा केळीचे घड रस्त्यापर्यंत ओढायचे, तर जड ट्रॅक्टरच बरा. मालकाने निवड शेतासाठी केली नाही, भाड्यासाठी केली.

१८/ खानदेशात यातून एक व्यवहार्य श्रमविभागणी रूढ झाली. चौथ्या पोस्टमधला फरक इथे कामाला येतो. उन्हाळ्यातील खोल नांगरट हे जड काम भाड्याच्या ट्रॅक्टरकडे गेले. पेरणी, वखरणी, कोळपणी ही हलकी पण अचूक आणि वापशाच्या मुहूर्तावर करायची कामे बैलांकडेच राहिली. सहा फुटांच्या आसपास रुंदीचा ट्रॅक्टर उभ्या कपाशीत शिरूच शकत नव्हता. त्यामुळे ट्रॅक्टर येऊनही दावण रिकामी झाली नाही.

१९/ या काळातील जळगावचा एक संदर्भ बोलका आहे. वाकोदचे भवरलाल जैन यांनी १९६३ मध्ये रॉकेलविक्रीपासून व्यवसाय सुरू केला आणि पुढे ट्रॅक्टर, तुषार संच, पीव्हीसी पाइप, खते, बियाणे यांच्या एजन्सी घेतल्या. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांची कंपनी ठिबक सिंचनाकडे वळली. नंतर ऊतिसंवर्धित केळीची रोपे आली. एकाच शहराने ट्रॅक्टर विकला आणि त्याला अडचण ठरणारी नळीही विकली.

२०/ अडचण कशी? ठिबकच्या नळ्या ओळीला लागून जमिनीवर पसरलेल्या असतात. चाक त्यांवर चढता कामा नये. रावेर, यावल, चोपडा पट्ट्यात केळीच्या ओळींत पाच-सहा फुटांचे अंतर, वरून पानांचे छत. तिथे माती भर लावायला, फवारायला, खत टाकायला जाणारे यंत्र अरुंद हवे आणि बुटकेही हवे. बागेने यंत्राचे माप आणखी आवळले.

२१/ कपाशीत याच्या उलट अंतर वाढत गेले. १९७० मध्ये सुरतच्या केंद्रातून एच-४ हा जगातील पहिला व्यापारी संकरित कापूस आला. बियाणे महाग, झाड पसरणारे. म्हणून शेतकरी फुली मारून मोठ्या अंतरावर एकेक बी टोचू लागले आणि कोळपे उभे-आडवे दोन्हीकडे चालू लागले. २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाल्यावर तीन-चार फुटांच्या ओळी सर्वत्र दिसू लागल्या. तीन फुटांच्या आसपास रुंदीचे यंत्र आता कल्पनेत बसत होते.

२२/ दरम्यान बैल महाग होत होता. कापूस आणि केळी वाढली, ज्वारी घटली, म्हणून कडबा कमी झाला. गायराने आकसली. आखाजीला वर्षभराच्या बोलीवर ठरणारा सालदार मिळेनासा झाला. बैल वर्षातील मोजके दिवस राबतो, खातो मात्र ३६५ दिवस. हे गणित पूर्वी चारा घरचा आणि माणूस घरचा असल्याने जाणवत नसे. आता ते रोकड खर्चात दिसू लागले.

२३/ बैलाला पर्याय म्हणून आधी पुढे आला पॉवर टिलर. जपानी भातखाचरांसाठी घडलेले हे यंत्र व्हीएसटी कंपनीने १९६७ नंतर मित्सुबिशीच्या सहकार्याने भारतात आणले. कोकणातील चिखलणीला ते मानवले. खानदेशच्या तापलेल्या, ढेकळांच्या रानात दिवसभर त्याच्या दांड्या धरून मागे चालणे मात्र शरीर मोडणारे होते. बसून चालवता येईल असे चार चाकांचे छोटे यंत्र हवे होते.

२४/ तेही जपानकडूनच आले. युद्धोत्तर जमीन सुधारणेनंतरच्या जपानी तुकड्यांसाठी कुबोटा, मित्सुबिशी यांनी १५-२० अश्वशक्तीचे ट्रॅक्टर घडवले होते. १९६९ मध्ये कुबोटाने असा ट्रॅक्टर अमेरिकेत नेला, तेव्हा तिथल्या ग्राहकाला तो शहराबाहेरच्या घराभोवतीची काही एकर जागा राखायला उपयोगी वाटला : गवत कापायचे, बर्फ हटवायचे, खड्डे बुजवायचे. एकाच यंत्राचे दोन अर्थ. तिथे ते मालमत्तेची निगा राखण्याचे साधन, इथे पोटाचे.

२५/ आणखी एक धागा शेजारच्या सौराष्ट्रातून येतो. कापूस-भुईमुगाच्या त्या कोरडवाहू प्रदेशात बैल परवडेनासे झाल्यावर गावातील कारागिरांनीच उत्तर शोधले. अमरेली जिल्ह्यातील मनसुखभाई जगानी यांनी मोटारसायकलला कोळपे जोडून ‘बुलेट सांती’ बनवली. भांजीभाई माथुकिया यांनी १० अश्वशक्तीचा ‘वनराज’ घडवला. राजकोट परिसरात छोट्या ट्रॅक्टरचा उद्योगच उभा राहिला. बाजाराला न दिसलेली गरज लोहारकामाच्या भट्टीला आधी दिसली.

२६/ मोठ्या कंपन्या नंतर आल्या. व्हीएसटीचा १८ अश्वशक्तीचा ट्रॅक्टर महाराष्ट्राच्या बागांत आधीपासून होता. २०११ च्या सुमारास महिंद्राने १५ अश्वशक्तीचा ‘युवराज’ आणला, २०१७ मध्ये चारही चाकांना ओढ देणारा २४ अश्वशक्तीचा ‘जिवो’. कुबोटा, जॉन डिअर, स्वराज यांचीही अरुंद मॉडेले आली. नीट पाहिले तर यांची स्पर्धा मोठ्या ट्रॅक्टरशी नव्हतीच. ते बैलजोडीची जागा मागत होते.

२७/ म्हणून आजची निवडही त्या जुन्या श्रमविभागणीच्या चौकटीतच होते. १५-१८ अश्वशक्तीचे यंत्र भारी काळीत खोल नांगरट करू शकत नाही. ते काम अजूनही भाड्याच्या मोठ्या ट्रॅक्टरचे. कोळपणी, पेरणी, फवारणी आणि लहान रोटाव्हेटर यांसाठी ते पुरते. बागेत रोटाव्हेटर आणि मोठा फवारणी पंप चालवायचा, तर २४-२८ अश्वशक्ती आणि चारही चाकांची ओढ लागते. कपाशीसाठी रुंदीइतकीच पोटाखालची उंची महत्त्वाची. झाड कंबरेपर्यंत आले की बुटके यंत्र फांद्या मोडते आणि शेतकरी पुन्हा बैल शोधू लागतो.

२८/ या इतिहासाला सामाजिक बाजूही आहे. बैलजोडी असणे म्हणजे शेतकरी असणे, नसणे म्हणजे मजूर असणे, ही गावातली जुनी रेषा होती. महाराष्ट्राच्या सामाजिक न्याय विभागाने अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांच्या बचत गटांना ९ ते १८ अश्वशक्तीचे मिनी ट्रॅक्टर ९० टक्के अनुदानावर देण्याची योजना आणली. साडेतीन लाखांच्या मर्यादेत ३ लाख १५ हजारांचे अनुदान. औत ज्यांच्या मालकीचे क्वचितच होते, त्यांच्या हाती औत देण्याचा हा प्रयत्न म्हणून तो इतिहासात नोंदवण्यासारखा आहे.

२९/ जमाखर्चाची दुसरी बाजूही मांडायला हवी. दावण गेली तसे शेणखत गेले आणि काळ्या मातीचा सेंद्रिय आधार गेला. वखर-तिफण घडवणारा सुतार, फाळ शेवटणारा लोहार, बैलांना पत्री मारणारा कारागीर यांचे काम आटले. ट्रॅक्टरला डिझेल आणि सुटे भाग विकत घ्यावे लागतात. बैलाचा चारा निदान अंशतः घरचा होता. जोखीम संपली नाही, ती दावणीतून बँकेच्या खात्यात गेली. पोळ्याला आता काही घरी बैलांसोबत, काही घरी बैलांऐवजी, ट्रॅक्टरला हार चढतो.

३०/ ज्यांना हा इतिहास प्रत्यक्ष पाहायचा आहे त्यांनी भूमी अभिलेख कार्यालयातून आपल्या गावाचा जुना नकाशा मिळवावा आणि एखाद्या मूळ सर्व्हे नंबरचे आजवर किती हिस्से पडले ते मोजावे. मग त्याच शेतात जाऊन दोन ओळींतले अंतर टेपने मोजावे. आणि गावातील वयस्क शेतकऱ्याला विचारावे : घरची शेवटची जोडी कोणत्या साली विकली, आणि का? नकाशा, टेप आणि हे उत्तर एकत्र ठेवले की तुमच्या गावाच्या शेतीचा दोनशे वर्षांचा इतिहास लिहायला घेता येईल.